फ्रीज बंद करायचा राहिला

ओसाकातल्या एका जुन्या इमारतीचा दुसरा मजला. जेमतेम वीस माणसं मावतील एवढी खोली, एका बाजूला छोटा बार. वादक एकच, मैफल एकच, आणि तिच्या फक्त ५० कॅसेट निघणार होत्या. ध्वनिमुद्रण माझ्याकडे होतं.

वादकासमोर होता एक छोटा मिक्सर, म्हणजे वेगवेगळे आवाज एकत्र करायचं यंत्र. त्याला ना माईक जोडलेला, ना वाद्य. मिक्सरच्या आउटपुटची वायर फिरून त्याच्याच इनपुटमध्ये घातलेली. मांडवात माईक स्पीकरसमोर गेला की जी कुई ऐकू येते तोच हा फीडबॅक, फक्त तो यंत्राच्या पोटातच फिरतो. नॉब केसभर हलला तरी सूर बदलतो, कधी तुटतो, कधी नुसता किर्रर्र होतो. तोशिमारू नाकामुरा यांनी 'नो-इनपुट मिक्सिंग बोर्ड' या नावानं हे वादन जगभर नेलं. टोकियोत योयोगी भागात 'ऑफ साइट' नावाची एक छोटी जागा २००० ते २००५ या काळात होती. आजूबाजूला खेटून घरं, पातळ भिंती, त्यामुळे आवाज हळूच ठेवावा लागे. त्या अडचणीतच हे हलक्या आवाजाचं संगीत वाढलं. नॉइज म्हटलं की लोकांना कानठळ्या आठवतात. इथे मात्र शेजारच्या माणसाचा श्वाससुद्धा ऐकू येतो.

म्हणूनच ते मुद्रित करणं अवघड. वादन हळू, म्हणून माईकचा गेन, म्हणजे आलेला आवाज किती मोठा करून घ्यायचा ते, बराच वर घ्यावा लागतो, आणि गेन वर गेला की सगळं जगच आत येतं. मी दुपारीच पोचलो. एसी बंद केला, भिंतीवरचं घड्याळ काढून जिन्यात ठेवलं, श्रोत्यांचे सळसळणारे थंडीचे कोट बाहेर टांगायची सोय केली. बारमागचा जुना फ्रीज बंद करायला मालकांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली. मी पुन्हा जाऊन पाहिलं नाही, आणि ते पाहणं माझंच काम होतं.

सतराव्या मिनिटाला खोलीत एक बारीक सूर तेवढा उरला होता. अठरा माणसं डोळे मिटून बसलेली. आणि फ्रीजचा कॉम्प्रेसर सुरू झाला. हूंऽऽऽ. माझ्या पोटात गोळाच आला. उठून जावं तर जमीन लाकडी, पावलाचा आवाज त्याहून मोठा झाला असता. मीटरवर नजर लावून बसून राहिलो. वादन कानांवर पडत होतं, पण खरं सांगतो, मी ते ऐकत नव्हतो. आठ मिनिटांनी फ्रीज थांबला. एकूण ३८ मिनिटांनी वादकानं मिक्सरवरून हात उचलले.

माफी मागितली तर ते नुसते वाकले आणि वायरी गुंडाळायला लागले.

त्या रात्रीच मी दुरुस्तीला बसलो. पश्चिम जपानात वीज ६० हर्ट्‌झची आहे. टोकियोकडे आपल्यासारखी ५०. १८९० च्या दशकात एकीकडे जर्मन जनित्रं आली आणि दुसरीकडे अमेरिकन, तो फरक आजही तसाच आहे. ६० ची वीज असली की मोटरची गुणगुण मुख्यतः १२० वर सापडते. तिथे बारीक खाच पाडली, म्हणजे तेवढाच सूर कापून टाकला, आणि त्याच्या वरच्या पटींवरही पाडली. फ्रीज गेला. काम अगदी स्वच्छ झालं होतं. वादकांना फाईल पाठवली.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः आले. हेडफोन लावून पूर्ण ३८ मिनिटं ऐकलं. मग सतराव्या मिनिटावर परत गेले आणि हळूच म्हणाले, "इथे मी वाजवत होतो."

मी मूळ फाईल लावली. तेव्हा कुठे ऐकू आलं. फ्रीज सुरू झाल्यावर त्यांनी आपला सूर खाली खाली आणत १२० च्या अगदी शेजारी नेऊन ठेवला होता. दोन आवाजांमध्ये लाटा उठत होत्या, आधी सेकंदाला तीन-चार, मग दोन, मग एक, मग इतक्या संथ की एका लाटेत श्वास घेऊन सोडता यावा. फ्रीजसाठी पाडलेल्या खाचेत त्यांचाही सूर गेला होता.

मी मिरजेचा. आमचं घर तानपुऱ्याचं. वडील जवारी लावताना, म्हणजे तारेखालची घोडी घासून तिचा झंकार जमवताना, आणि जोडीच्या तारा जुळवताना मी त्यांच्या मांडीशी बसून हीच लाट ऐकत मोठा झालो. खुंटी किंचित पिळायची, लाट लांबते. आणखी किंचित, ती विरते आणि जोड एक होते. हे ज्या कानांना लहानपणापासून ठाऊक होतं त्या कानांनी त्या रात्री फक्त बिघाड ऐकला. ते मला आजही खुपतं.

सगळ्या खाचा काढून टाकल्या. कॅसेटसाठी दोन बाजूंत तुकडा पाडायचा तर तो नेमका फ्रीजच्या आवाजातच पडत होता. म्हणून वादकांनी एका बाजूला ४० मिनिटं मावतील अशी टेप मागवली. दुसरी बाजू कोरी. टेपच्या सळसळीत शेवटचे हळू भाग बुडतील असं मी म्हटलं. ते म्हणाले, ऐकणारा आवाज वाढवेल, मग त्याला सळसळ ऐकू येईल आणि त्याची स्वतःची खोलीही. दोन डेकवर मी एकेक प्रत पूर्ण वेळ चालवून केली. ५० कॅसेटना आठवडा गेला, आणि प्रत्येक वेळी सतराव्या मिनिटाला हातातलं काम ठेवून मी ऐकलं.

मधेच एका रात्री तो आठ मिनिटांचा तुकडा काही न सांगता बाबांना पाठवला. सकाळी फोन आला.

"कोण लावतंय रे हे?"

मी सगळं सांगितलं, फ्रीजचंही. ते थोडा वेळ गप्प राहिले.

"शेवटी जोड जुळतच आली होती, बघ. त्यानं जुळू दिली नाही. पुन्हा ऐक, सहाव्या मिनिटाच्या पुढे."

मी पुन्हा ऐकलं. सहाव्या मिनिटानंतर लाट जवळजवळ थांबते, आणि तेवढ्यात त्यांचा सूर केसभर वर सरकतो. फ्रीज बंद होईपर्यंत तो तिथेच राहतो.