आमची संख्या का वाढते आहे

बाविसाव्या वर्षी मला अल्सरेटिव्ह कोलायटिस निघाला, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येऊन व्रण पडण्याचा आजार. आता चाळिशी उलटली, तरी उशाशी वही असतेच: दिवसात किती वेळा जावं लागलं, रक्त पडलं का, रात्री किती वेळा उठले. आजवर अशा अकरा वह्या भरल्या.

जगात आतड्याच्या दीर्घकालीन दाहाचे (माझा आजार त्यातलाच एक) रुग्ण 1990 साली सुमारे 37 लाख होते, 2017 मध्ये सुमारे 68 लाख. आकडा वाचून पोटात गोळा आला. लोकसंख्या वाढली, निदानही सुधारलं, हे खरंच. पण मला पटलेलं मोठं कारण वेगळं आहे. हा आजार बहुधा ऐन तारुण्यात धरतो, सहसा जीव घेत नाही आणि कायमचा बराही होत नाही. म्हणजे दरवर्षी नवे रुग्ण तेवढेच राहिले, तरी जुने आहेतच, त्यात भर पडत जाते. युरोप-उत्तर अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी नव्या रुग्णांचं प्रमाण स्थिरावलंय, तरी हजारात तीनाहून जास्त जणांना हा आजार आहे.

त्या वाढत्या आकड्यात मीही आहे, अठरा वर्षं. आम्ही जगतोय म्हणूनही तो वाढतोय. पण आता आमच्यातले कितीतरी जण साठी-सत्तरीला पोचतील. सांधे, हाडं, रक्तदाब आणि त्यात हे आतडं. त्या वयाच्या रुग्णांसाठी दवाखान्यांनी आत्तापासूनच तयारी करायला हवी.