विश्वकर्मा योजनेतून शिलाई मशीन मिळवताना

पंतप्रधान विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली, तेव्हा आमच्या गावात बातमी पसरली ती अशी, की शिलाई करणाऱ्या बायकांच्या खात्यावर सरकार १५,००० रुपये टाकणार आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या या गावात मी बरीच वर्षे ब्लाउज, परकर आणि पिको-फॉलची कामे करते. त्यामुळे अर्ज करायचे ठरवले. मात्र अर्ज भरण्यापूर्वी नियम नीट समजून घेतले, आणि त्याचा पुढे प्रत्येक टप्प्यावर उपयोग झाला.

या योजनेत सुतार, लोहार, कुंभार, चर्मकार, न्हावी, गवंडी, शिंपी असे १८ व्यवसाय आहेत. लाभ मात्र कुटुंबातील एकालाच मिळतो, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको व अविवाहित मुले. माझे यजमान गवंडीकाम करतात, म्हणजे तेही पात्र होते. अर्ज कोणी करायचा यावर घरात बरीच चर्चा झाली. थापी, ओळंबा, पाणसळ ही त्यांची हत्यारे तुलनेने स्वस्त, तर माझे पायाचे मशीन जुने होऊन टाके सोडू लागले होते; म्हणून अर्ज माझ्या नावाने करायचा ठरला. ज्यांच्या घरी दोन कारागीर आहेत, त्यांनी हा हिशेब आधीच करावा, कारण एकाची नोंदणी झाली की दुसऱ्याचा मार्ग बंद होतो.

अर्ज सामायिक सुविधा केंद्रातच भरला जातो. आधार कार्ड, आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक, बँकेचे पासबुक आणि शिधापत्रिका एवढी कागदपत्रे लागली. नोंदणी मोफत असतानाही केंद्रचालकाने पैसे मागितले; मी पावती मागितल्यावर तो विषय तिथेच संपला. खरी अडचण आली ती अंगठ्याची. सुया टोचून आणि कात्रीच्या घट्ट्यांनी माझ्या उजव्या हाताच्या बोटांवरच्या रेषा पुसट झाल्या आहेत. यंत्राची काच पुसून आणि हात धुऊन येऊनही ठसा जुळेना; शेवटी डाव्या हाताच्या मधल्या बोटाने काम झाले. हाताने कष्ट करणाऱ्यांसाठीच असलेल्या योजनेचे दार बोटाच्या ठशाने उघडावे, हे मला आजही विचित्र वाटते.

त्यानंतर अर्ज तीन ठिकाणी तपासला जातो: आधी ग्रामपंचायत, मग जिल्हा अंमलबजावणी समिती आणि शेवटी छाननी समिती. यांतला पहिला टप्पाच सर्वांत महत्त्वाचा, कारण अर्जदार खरोखर तो व्यवसाय करते की नाही, हे गावालाच ठाऊक असते. आमच्याकडे ज्यांनी कधी सुईत दोराही ओवला नव्हता अशांनीही अर्ज केले होते, आणि कोणाला नाही म्हणायचे या संकोचापायी सगळेच अर्ज पडून राहिले होते. मी सरपंचबाईंना घरी बोलावून मशीन, गिऱ्हाइकांच्या मापांची वही आणि शिलाईसाठी आलेली कापडे दाखवली, तेव्हा माझा अर्ज पुढे सरकला. वरच्या दोन टप्प्यांत वाट पाहण्यापलीकडे आपल्या हाती काही नसते.

मंजुरीनंतर प्रमाणपत्र आणि ओळखपत्र मिळाले आणि मूलभूत प्रशिक्षणासाठी बोलावणे आले. हे प्रशिक्षण पाच ते सात दिवसांचे असते आणि रोज ५०० रुपये विद्यावेतन मिळते. लग्नसराईत हे दिवस काढणे मला परवडणारे नव्हते, म्हणून मी पुढच्या तुकडीत नाव घालण्याची विनंती केली. कटोरी ब्लाउज कसा कापायचा हे मला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. पण खाकी कागदावर मापाप्रमाणे आकृती काढून मग कापड कापण्याची पद्धत तिथे शिकले, आणि त्यामुळे माझे कापड वाया जाणे कमी झाले.

विद्यावेतन थेट खात्यात जमा होते. मात्र पासबुक कोणत्याही बँकेचे दिले तरी पैसे त्याच खात्यात जातात, जे आधारशी सर्वांत शेवटी जोडलेले असते. मी बँकेत जाऊन हे आधीच तपासून घेतले होते. पुढे लाडकी बहीण योजनेच्या वेळी आमच्या गावातल्या कित्येक जणी आपले पैसे कोणत्या खात्यात गेले हे शोधत फिरत होत्या.

उरला प्रश्न त्या १५,००० रुपयांचा. ते रोख मिळत नाहीत. अवजारांसाठी तेवढ्या मोलापर्यंतचे ई-व्हाउचर, म्हणजे डिजिटल कूपन, असते. माझा अवजारांचा संच टपाल खात्यामार्फत घरी आला. मशीन चांगले आहे, पण मोटर मी पदरच्या पैशांनी बसवून घेतली.

योजनेत पहिले कर्ज एक लाखापर्यंत, विनातारण आणि ५ टक्के व्याजाने मिळते. वरचे ८ टक्क्यांपर्यंतचे व्याज केंद्र सरकार भरते. व्याज कमी आहे हे खरे, परंतु १८ महिन्यांत फेडायचे म्हटले तर महिन्याचा हप्ता साधारण ५,८०० रुपये पडतो. आमच्याकडे अस्तराच्या ब्लाउजची शिलाई २०० रुपये आहे, म्हणजे महिन्याला २९ ब्लाउज केवळ हप्त्यासाठी शिवावे लागतील. श्रावणाआधी आषाढात तेवढेही काम नसते. शाळेच्या गणवेशांचे काम पक्के झाले तर कापडाच्या कडा पक्क्या करणाऱ्या ओव्हरलॉक मशीनसाठी मी कर्ज घेईन. तोपर्यंत त्या अर्जावर सही करणार नाही.