एकच रंग, तीन सुतं

कापूस एकाच लॉटचा, काउंट (सुताच्या जाडीचा आकडा) तिन्हींचा 20, वीण साधी. फरक फक्त कताईचा: रिंग (नेहमीची, चातीवरची), कॉम्पॅक्ट (रिंगच, पण पिळाआधी तंतू दाबून घेणारी) आणि ओपन एंड (सुटे तंतू फिरत्या कपात पिळणारी). तरी गडद निळ्यात तीन तुकडे तीन शेडचे निघाले.

पहिल्या खेपेला तुकडे वेगवेगळ्या भांड्यांत रंगवले, त्यामुळे फरक सुताचा की भांड्याचा तेच कळेना. दुसऱ्या खेपेला कांजी काढणं, स्काउरिंग (कापसाचं मेण-तेल धुऊन काढणं), ब्लीचिंग सगळं एकत्र केलं. पाण्याचा थेंब तिन्हींवर सारखाच पटकन मुरतो याची खात्री केली. इथे फरक राहिला तर पुढची तुलना फुकट. मग एकाच भांड्यात कापडाच्या वजनाच्या 2 टक्के रिॲक्टिव्ह रंग (तंतूशी रासायनिक बंधाने जोडला जाणारा), कापड-पाणी 1:10, लिटरला 60 ग्रॅम मीठ, 15 ग्रॅम सोडा ॲश, 60 अंशांवर तासभर. शेवटी उकळत्या साबणपाण्यात धुतलं, कारण सैल रंग राहिला तर शेडची मोजणी फसते. शेड यंत्रावर मोजताना कापडाच्या चार घड्या केल्या, डी65 प्रकाशात (दिवसाच्या उजेडासारखा प्रमाण प्रकाश) चार जागी रीडिंग घेतलं, दर वेळी तुकडा काटकोनात फिरवून.

ओपन एंड सर्वांत गडद, पण मंद. रिंग किंचित फिकं, धुरकट. कॉम्पॅक्ट स्वच्छ, तजेलदार. रिंगच्या सुतावर केस, म्हणजे बाहेर निघालेली तंतूंची टोकं, जास्त. ते प्रकाश विखुरतात आणि रंगावर फिकी साय धरल्यासारखं दिसतं. कॉम्पॅक्टमध्ये केस दाबून पिळात बसतात, पृष्ठभाग गुळगुळीत होतो. ओपन एंडचं सूत फुगीर, तंतूंची मांडणी कमी सरळ, वर मधूनमधून गुंडाळलेल्या तंतूंचे पट्टे. त्यामुळे चमक येत नाही.

शेड फिकी दिसली की रंग वाढवायचा मोह होतो. आधी फिका आणि गडद असे दोन्ही तुकडे भिजवून शेजारी ठेवा. ओलेपणी फरक बराच मिटला, तर दोष पृष्ठभागाचा आहे, रंग कमी चढल्याचा नाही. रिंगच्या कापडाला नीट सिंजिंग (ज्योतीवरून नेऊन वरचे केस जाळणं) दिल्यावर धुरकटपणा उतरला; रेसिपीला हात लावावा लागला नाही. ओपन एंडला मात्र मी वेगळी, थोडी हलकी रेसिपी ठेवतो.

सगळ्यात महागात पडतं ते बाण्यात, म्हणजे कापडाच्या आडव्या धाग्यांत, दोन कताईचं सूत मिसळणं. कोऱ्या कापडात काही दिसत नाही, रंगवल्यावर आडवे पट्टे उमटतात आणि ते पुन्हा रंगवूनही जात नाहीत. म्हणून बाण्याच्या प्रत्येक कोनवर (सूत गुंडाळलेला शंकू) काउंट आणि लॉटसोबत कताईची पद्धतही लिहून घ्या.