नावाला केलेलं खरेदीखत

गावाकडं हा प्रकार सर्रास चालतो. सख्ख्या भावाच्या, बायकोच्या नाहीतर मेव्हण्याच्या नावानं जमिनीचं खरेदीखत करून ठेवायचं, पैसे एक रुपया द्यायचे नाहीत घ्यायचे नाहीत, जमीन पहिला मालकच कसणार, आणि वर म्हणायचं वेळ निघून गेली की देईल परत नावावर करून, आपलाच तर आहे. कारणं ठरलेली, पूर्वी 1961 चा सीलिंग कायदा (एकाला जास्तीत जास्त किती जमीन ठेवता येते ते ठरवणारा), आता कर्जाची जप्ती, नाहीतर पोरींनी हिस्सा मागू नये म्हणून.

आमच्या घरात हेच झालं. आजोबा कुणाच्या तरी कर्जाला जामीन होते, जप्ती येईल या भीतीनं विहिरीजवळचा तुकडा धाकट्या भावाच्या नावावर केला. ते खत मी वाचलंय, रक्कम रोख भरून पावली, भरण्याबाबत तक्रार नाही, खाली आजोबांचा अंगठा. दोघं भाऊ होते तोवर कुणी विषयच काढला नाही, कारण त्यांचा एकमेकांवर खरंच विश्वास होता. ते गेल्यावर चुलत काकांनी वारस नोंद लावली, रस्ता रुंद झाला तसा जमिनीला भाव आला आणि आता दिवाणी कोर्टात तारखा चालू आहेत.

खत रजिस्टर आहे म्हणजे विषय संपला असं बरेच जण समजतात, तसं नाहीये. व्यवहार नुसता दाखवायला केला होता, खरा नव्हताच, हे तोंडी पुराव्यानं सांगता येतं असं सुप्रीम कोर्टानं 1981 मध्येच म्हटलंय. 2021 चा पंजाबातला निकाल तर घरातलाच, एका भावानं दुसऱ्याच्या मुखत्यारपत्रावर त्याची जमीन 1981 मध्ये स्वतःच्या अल्पवयीन मुलांना आणि बायकोला विकल्याचं दाखवलं, किंमत 5,500 आणि 6,875 रुपये. पैसे दिल्याचा पुरावाच नाही, म्हणून कोर्टानं ती खतं मुळातच रद्दबातल ठरवली. निकाल लागेपर्यंत 40 वर्षं गेली.

पण सिद्ध कशानं करणार? सातबाऱ्यावरची जुनी पीकपाहणी, कारखान्याची ऊसबिलं कुणाच्या नावानं निघाली, मोटारीचं लाईटबिल कोण भरत होतं, मूळ खत कुणाच्या पेटीत राहिलं, असलं सगळं बघतात, त्यामुळं जुने कागद रद्दीत घालू नका प्लीज. खत रद्द करून मागायचं असेल तर माहिती झाल्यापासून तीन वर्षांची मुदत असते, घरातलं घरात मिटवू म्हणत ती निघून जाते. आणि समोरचा वकील पहिल्यांदा हेच विचारतो, तुमच्या आजोबांनी कर्ज देणाऱ्याला चुकवायला हे केलं ना? याला उत्तर देणं फार अवघड जातं.

खरोखर मुलाला-मुलीला जमीन द्यायचीच असेल तर सरळ बक्षीसपत्र करा, आपल्याकडं महाराष्ट्रात शेतजमिनीला नवरा-बायको, मुलं, नातवंडं यांच्यासाठी मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे. वाटणी करायची तर तहसीलदारांकडं जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली होते, सगळ्या हिस्सेदारांची संमती मात्र लागते, आणि सगळ्या म्हणजे बहिणी धरून.

आमच्या दाव्यात आत्यापण पक्षकार आहेत. नातेवाईक आत्तापासूनच म्हणायला लागलेत की जमीन परत आली तर त्यांच्याकडून हक्कसोड करून घ्या. मी ते होऊ देणार नाही, घरात सगळ्यांसमोर तसं सांगितलंय.