गोळ्या व्हिटॅमिनच्या बाटलीत

रत्नागिरीत वाढलेल्या कुणालाही विचारा, वर्गात एखादा जरा वेगळा वागला की लगेच "ह्याला मेंटलला टाका रे" आणि सगळे हसणार. मनोरुग्णालय आमच्या शहरातच, 1886 पासूनचं, तरी तिथे ओपीडी असते, माणसं दाखवून गोळ्या घेऊन संध्याकाळच्या एसटीने घरी जातात, हे कितीतरी पोरांना माहीतच नाही. त्यांच्या डोक्यात फक्त ती भिंत.

आणि हीच पोरं स्टेटसला डिप्रेशन, एन्झायटी सगळं टाकतात. दुसऱ्याबद्दल बोलायचं असेल तर आमच्याइतकं समजूतदार कोणी नाही, पण स्वतःवर आलं की तोंडाला कुलूप.

माझ्या रूममेटला पॅनिक अटॅक यायचे. प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री हात बर्फासारखे गार, श्वास पुरेना, आणि ती मला म्हणतेय लाईट लावू नको, बाकीच्या जाग्या होतील. घरी कळल्यावर आईने देवळात गाऱ्हाणं घातलं, बाबा म्हणाले मोबाईल कमी कर. गाऱ्हाण्याला माझा अजिबात विरोध नाही, आईचा जीव आहे तो, पण सोबत डॉक्टरही हवा ना. शेवटी मावशी घेऊन गेली. तर ही गोळ्या स्ट्रिपमधून काढून व्हिटॅमिनच्या बाटलीत भरून ठेवायची, नाव दिसायला नको म्हणून! आठवडाभरात म्हणायला लागली काही फरक नाही, बंद करते. ह्या गोळ्यांचा गुण यायला दोन-चार आठवडे तरी जातात आणि मनाने बंद करायच्या नसतात, डॉक्टरांनी सांगितलेलं असणारच, पण घाबरलेल्या डोक्यात किती राहतं? हॉस्टेलवर अजून कोणी घेत असेल तर तिने सांगितलं असतं, पण ती पण लपवूनच घेत असणार.

लाज वाटते ती वाटतेच, पण त्या लाजेपायी उपचार अर्धवट सुटतात ह्याचा मला खरंच राग येतो.

जुलै 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, 100 किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक ट्रेन्ड कौन्सेलर पाहिजे. आमच्याकडे कौन्सेलिंगची खोली परीक्षा विभागाच्या खिडकीसमोर आहे, फॉर्म भरायच्या रांगेतून आत कोण गेलं ते अख्ख्या कॉलेजला दिसतं. कोण जाईल? ती खोली मागच्या जिन्याकडे हलवा असा अर्ज आम्ही काही जणी लिहितोय, सही करायची असेल तर मेसेज करा. आणि रात्री-अपरात्री कुणाला गरज पडली तर 14416, टेलिमानस, मानसिक त्रासासाठीची फोन हेल्पलाईन, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.