ब्रेकची हवा काढली, पण एका निपलने दोन दिवस खाल्ले

एप्रिलअखेर कोल्हापूरला आंब्याच्या पेट्या पोचवून देवगडला परत येत होतो. दाजीपूर मागे टाकून फोंडा घाट उतरायला लागलो आणि चौथ्या-पाचव्या वळणावर ब्रेकचं पॅडल मऊ लागलं. ब्रेक लागत होता, पण पॅडल दरवेळी थोडं आणखी खाली जात होतं. गाडी दुसऱ्या गिअरला टाकली, इंजिनवर धरत खाली आणली आणि फोंड्याला चहा घेत अर्धा तास थांबलो. गार झाल्यावर पॅडल बरंचसं सुधारलं. तेव्हाच कळलं की ब्रेक ऑइलने पाणी धरलंय.

हे ऑइल हवेतला दमटपणा ओढून घेतं आणि आमच्याकडे दमट हवेला काय तोटा! डॉट ३ आणि डॉट ४ हे या ऑइलचे दर्जे. डॉट ३ ताजं असताना २०५ अंशांच्या खाली उकळता कामा नये. पाणी धरलं की ती हद्द १४० पर्यंत उतरते. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. घाटात ब्रेक तापले की ऑइल उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दबत नाही, बुडबुडा दबतो. मग तुमचा पाय बुडबुडेच दाबत बसतो.

खरा राग वेगळ्याच गोष्टीचा. दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजने बिलात ‘ब्रेक ऑइल बदली’ लिहून पैसे घेतले होते. ते बिल अजून डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे. मागचं डावं चाक काढून खाली वाकलो, तर निपलवर, म्हणजे ऑइल आणि हवा बाहेर काढायच्या छोट्या पोकळ स्क्रूवर, गंजाचा आणि वाळलेल्या चिखलाचा एकसंध थर. पाना लागल्याची एक खूण नाही. म्हणजे बॉनेटखालच्या, वरच्या डबीतलं ऑइल उपसून नवं ओतलं आणि झाली बदली! चार चाकांपर्यंतच्या नळ्यांत जुनंच.

म्हणून ठरवलं, घरीच करायचं. गाडी बारा वर्षांची, छोटी, पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं अडकू न देणारी यंत्रणा) नाही. एबीएस असलेल्या गाडीत त्या युनिटात हवा शिरली तर ती काढायला कॉम्प्युटर लावावा लागू शकतो, तिथे जपून. पॅडल दाबलं की ऑइल नळ्यांत ढकलतो तो मास्टर सिलिंडर. सुरुवात त्याच्यापासून सगळ्यात लांबच्या चाकाने करायची. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून मागचं डावं पहिलं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. काही गाड्यांत लाइन तिरकी विभागलेली असते आणि क्रम बदलतो, पुस्तिका बघून घ्या. माझ्या गाडीचा क्रम वरचाच, आणि पहिलं जे चाक तेच अडकलेलं.

आठ नंबरचं निपल. शहाण्या माणसाने रिंग पाना घेतला असता. माझा रिंग पाना मांगरात पेट्यांच्या मागे कुठेतरी होता, हाताशी फिक्स पाना होता. लावला, जोर दिला आणि तो सर्रकन फिरला. वाटलं, सुटलं! बघतो तर निपल जागेवर, त्याच्या कडा तेवढ्या गोल झालेल्या. फिक्स पाना दोनच बाजूंना धरतो, रिंग सहाही कोपरे धरते. हे मला माहीत होतं, हेच जास्त झोंबलं. त्यानंतर ग्रिप प्लायर लावून उरलेल्या कडाही घालवल्या, तोही माझाच पराक्रम.

गंज सोडवायचा स्प्रे मारला, तासाभराने परत मारला, रात्रभर तसाच ठेवला. सकाळी काही फरक नाही. निपल आतून पोकळ असतं. जास्त पिळलं तर ते मुळाशी तुटतं आणि तुकडा व्हील सिलिंडरमध्ये, म्हणजे चाकातल्या ब्रेकच्या सिलिंडरमध्ये, राहतो. मग अख्खा सिलिंडर बदला, आणि त्यासाठी ब्रेक पाइपचं नट सोडवा. तेही तेवढंच गंजलेलं. या विचाराने माझा हात आखडला आणि मी नुसताच चाकाकडे बघत बसलो.

शेजारचे काका गडग्यावरून बघत होते. आयुष्य देवगड बंदरात ट्रॉलरची इंजिनं उघडण्यात गेलेलं. खाऱ्या वाऱ्याने धरलेलं नट म्हणजे त्यांचा रोजचा धंदा.

“ह्या असा सुटाचा नाय. आदी आवळ, मगे सोड.”

मी म्हटलं, गॅसने तापवू काय? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पाना खाली ठेवला. आत रबराचे कप आणि पेट घेईल असं ऑइल, शिवाय बाजूला स्प्रे मारलेला. ज्योत लावायची जागाच नव्हती ती.

काका घरी जाऊन एक लांब सॉकेट घेऊन आले. जुन्या बोटीच्या इंजिनांचा इंची माल, अडीच सुताचा. अडीच सूत म्हणजे पाच-सोळांश इंच, म्हणजे ७.९४ मिलिमीटर. आठ मिलिमीटरपेक्षा केसभर लहान! आधी त्यांच्या सांगण्यावरून मी निपलच्या भोकात तुटलेल्या ड्रिल बिटाचा तुकडा सरकवला, बाहेरून दाब आला तरी पोकळी आत बसू नये म्हणून. मग सॉकेट निपलच्या गोल झालेल्या डोक्यावर टेकवला आणि छोट्या हातोडीने टक्-टक् ठोकत बसवला. जोर असा काही नाही. ठोकताना गंजाची तांबूस भुकटी माझ्या तोंडावर पडत होती, कारण गाडीखाली मी होतो आणि सूचना देत होते ते. (गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका. आमची अंगणातली माती, म्हणून जॅकखाली फळी, पुढच्या चाकांना जांभ्याचे चिरे, आणि काढलेलं चाक गाडीच्या कडेखाली आडवं घातलं होतं. स्टँड असतील तर उत्तमच.)

आधी आवळायच्या बाजूला अगदी किंचित. मग सोडायच्या. परत आवळायच्या. चौथ्या-पाचव्या खेपेला ‘कट्’ असा बारीक आवाज आला. मला वाटलं, तुटलं. पोटात गोळा. काका म्हणाले, “सुटला.” आणि खरंच, पावपाव फेरा करत ते फिरायला लागलं. मी गाडीखालून ओरडलो तेव्हा सगळं घर बाहेर आलं.

ते निपल परत वापरायचं नव्हतंच. नवं आणायला कणकवलीला गेलो. जाताना जुनं बरोबर न्या असं सांगणार होतो, पण माझं सॉकेटमध्येच रुतून बसलं होतं. सॉकेटसकट काउंटरवर ठेवलं. दुकानदार हसला, पण आटे जुळवून दिले.

पुढचं काम साधं. पारदर्शक नळी निपलवर, तिचं दुसरं टोक बाटलीत थोड्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवलेलं. सलाइनची नळी बारीक पडली, गवंड्याची लेव्हलची नळी ढिली. मुलाच्या फिश टँकची नळी गरम पाण्यात बुडवून घट्ट बसली. बायको पॅडलवर. दाबायचं, दाबून धरायचं, मी निपल सोडणार, ऑइल येणार, निपल बंद करणार, मगच पाय काढायचा.

इथे मराठीने घात केला. मी म्हणालो “सोडतोय”, म्हणजे निपल. तिने ऐकलं “सोड”, आणि पाय काढला. निपल उघडं, झाली हवा आत. तीनदा झाल्यावर भांडण व्हायची वेळ आली. मग शब्द बदलले. ‘दाब’ आणि ‘पाय काढ’, बाकी एक अक्षर नाही. तिच्या बाजूने ‘दाबलं’ ऐकू आल्याशिवाय मी पान्याला हात लावत नव्हतो.

आधी काळ्या चहासारखं आलं, मग बुडबुड्यांची माळ, शेवटी स्वच्छ पिवळसर. बाकीची तीन निपलं रिंग पान्याने पहिल्या झटक्यात सुटली, त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पॅडल दगडासारखं झालं. आधी अंगणातच पुढे-मागे करून ब्रेक तपासले, मग रस्त्यावर.

राहिलेलं सांगतो. दर पाच-सहा वेळा पॅडल दाबल्यावर वरच्या डबीत ऑइल बघा. ती रिकामी झाली तर हवा वरून शिरते आणि सगळं पहिल्यापासून. जुन्या गाडीत पॅडल तळापर्यंत दाबू नका, मास्टर सिलिंडरचं रबर कधी न गेलेल्या गंजक्या भागावर घासतं. आम्ही पॅडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला होता. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाणी ओता, नाहीतर रंग उठतो. एक लिटर आणलं होतं, थोडं उरलं. उघडलेली बाटली पुढच्या वर्षासाठी ठेवू नका, आपल्या पावसाळ्यात तर नाहीच. आणि निपलवरची रबराची टोपी! पाचदहा रुपयांची वस्तू, माझ्या चारही निपलांवर नव्हती. ती असती तर हा लेखच लिहावा लागला नसता.

काकांनी सॉकेट दोनदा मागितला. निपल अजून त्यातच आहे.