तुम्ही विचारलंत म्हणून : आम्ही तयार फराळ का देत नाही?

नवरात्र संपून दिवाळीची वर्गणी गोळा करायला आम्ही बाहेर पडलो, की कोणीतरी हा प्रश्न विचारतेच, आणि मी दरवर्षी ‘आमचे तसे ठरले आहे’ एवढेच सांगून वहीत नाव लिहून पुढे जाते. सांगलीत इतक्या बायका उत्तम फराळ करून विकतात, मग अडचणीतल्या घरांना तयार डबे देण्याऐवजी तुम्ही रवा, बेसन, साखर, तेल, पोहे आणि भाजणीसाठी तांदूळ-डाळी असा कोरडा शिधा का देता? दिवसभर चार घरची कामे करून आलेल्या बाईला रात्री पुन्हा कढईसमोर का बसवता? हे विचारणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसते, हे मला कळते. तरीही यंदा एका जुन्या देणगीदारांनी ‘तुम्हाला त्यांच्या कष्टांची जाणीव नाही’ असे म्हटले, तेव्हा एकदा सगळे लिहून काढावे असे वाटले.

यात पैसे वाचवण्याचा हेतू नाही, हे आधी सांगते. गेल्या काही वर्षांत तेलाचे आणि डाळींचे भाव पाहिलेल्या कोणालाही हे पटेल. शिवाय शिधा वसुबारसेच्या निदान आठ दिवस आधी पोहोचवावा लागतो, कारण भाजणीचे धान्य धुवायचे, वाळवायचे, प्रत्येक जिन्नस मंद आचेवर वेगवेगळा भाजायचा आणि मग गिरणीत न्यायचे, हे एका दिवसाचे काम नाही. तयार डबे आदल्या दिवशी वाटले तरी चालतात. आमच्या सोयीचाच विचार केला असता, तर आम्ही डबेच वाटले असते. २०१९ पर्यंत वाटतही होतो.

त्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेले. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे, म्हणजे आमच्या भागातल्या खालच्या घरांचे काय झाले असेल ते वेगळे सांगायला नको. माझ्या घराचे जोते उंच असल्यामुळे थोडक्यात निभावले. माझ्यापासून तिसऱ्या दारात राहणाऱ्या वहिनींच्या घरात मात्र माळ्यापर्यंत पाणी होते. या वहिनी दिवाळीत ऑर्डरी घेऊन चकल्या करत. मोहन कमी पडले तर चकली दाताखाली कडक लागते आणि जास्त झाले तर तेलात विरघळते. वहिनींच्या हातून असे कधी झालेले मी पाहिले नाही, आणि मी स्वतः पीठ भिजवले की एक चकली तळून त्यांना दाखवायला नेत असे. पुरात त्यांचे पिठाचे डबे गेले, पितळी सोऱ्या गेला आणि गॅसची शेगडीही गेली.

अडीच महिन्यांनी दिवाळी आली. आम्ही नेहमीपेक्षा जास्त वर्गणी जमवली, आचाऱ्याकडून फराळ करून घेतला आणि ‘पूरग्रस्त बांधवांसाठी सप्रेम भेट’ अशी चिठ्ठी चिकटवलेले डबे घरोघर दिले. त्यातला एक डबा मी स्वतः वहिनींच्या हातात दिला. त्यांनी तो घेतला, ‘बसा’ म्हणाल्या, आणि मला अजून पुष्कळ घरे करायची असल्यामुळे मी बसले नाही.

त्या वर्षी नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी, २७ ऑक्टोबरला, आले होते. सकाळची आंघोळ झाल्यावर मी नेहमीप्रमाणे शेजारच्या चार घरी फराळाची ताटे पाठवली. वहिनींकडेही पाठवले, कारण न पाठवणे मला बरे दिसले नसते. दुपारी त्यांची नात ताट परत घेऊन आली, त्यावर विणलेला रुमाल टाकलेला होता. रुमाल उचलला, तर आत चार चकल्या, थोडी शंकरपाळी आणि दोन बेसनाचे लाडू होते. चकल्यांचे वेढे मोजून घातल्यासारखे सारखे होते. मी ते लगेच ओळखले, कारण ते डबे मी माझ्या ओसरीवर बसून भरले होते.

यानंतर मी जे केले, ते आजवर फारसे कोणाला सांगितलेले नाही. संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले आणि अगदी प्रेमाने, निदान तेव्हा मला ते प्रेम वाटत होते, म्हणाले, ‘वहिनी, ते तुमच्या पोरांसाठी दिलं होतं, आमच्याकडं कशाला पाठवलंत?’ त्या पणतीत तेल घालत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारले, ‘मग ताटात काय घालू?’

रिकामे ताट परत पाठवू नये, हे मला माझ्या आईने शिकवले होते आणि वहिनींनाही त्यांच्या आईने शिकवले असणार. घरात काहीच नसेल तर चिमूटभर साखर घालावी, असे म्हणतात. त्या रात्री मी स्वतःची समजूत घालत होते की त्यांनी साखर घातली असती तरी चालले असते. पण गल्लीतल्या प्रत्येक घरी आजवर ज्यांच्या चकल्या गेल्या, त्यांनी दिवाळीच्या दिवशी ताटात साखर घालून नातीच्या हाती द्यायची, हे मी कोणत्या तोंडाने म्हणत होते? मी त्यांना मदतीचा डबा दिला होता आणि त्याच आठवड्यात शेजारणीचे ताटही पाठवले होते, म्हणजे परतफेडीची रीत त्यांच्यापुढे ठेवली आणि परतफेडीचे साधन मात्र ठेवले नाही. त्या चार चकल्या मी घरात कोणाला काही न सांगता खाल्ल्या. वहिनींची क्षमा मागितली नाही. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आले, त्यानंतर त्या मुलाकडे राहायला गेल्या, आणि आता भेट होते ती लग्नकार्यात, चार माणसांसमोर.

२०२० पासून आम्ही शिधा देऊ लागलो. ते वर्ष कोरोनाचे होते, बाहेरचे शिजवलेले घ्यायला लोक कचरत होते, त्यामुळे हा बदल त्यासाठीच आहे असे सर्वांनी धरले आणि मीही ते खोडून काढले नाही. पुढे २०२२ च्या दिवाळीत शासनाने ‘आनंदाचा शिधा’ म्हणून १०० रुपयांत रवा, साखर, हरभरा डाळ आणि पामतेल दिले, तेव्हा ‘आता तुमची काय गरज’ असे विचारले गेले. तो शिधा शिधापत्रिकेवर मिळत होता, आणि आमच्या यादीत कामासाठी बाहेरून आलेली, इथली शिधापत्रिका नसलेली भाडेकरू कुटुंबे बरीच आहेत.

तुमचे दुसरे म्हणणे असते की लोक शिधा विकतात. हो, विकतात. एका बाईने तेलाच्या पिशव्या दुकानदाराला देऊन उधारी कमी केली, हे कळल्यावर मला राग आला होता आणि पुढच्या वर्षी त्यांचे नाव गाळावे असे मीच सुचवले होते. बरोबरीच्या बायकांनी ते मानले नाही. डोक्यावरची उधारी उतरली तर ती दिवाळी नव्हे का, असे त्यांचे म्हणणे होते. माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही.

आणि कष्टांबद्दल तुम्ही जे म्हणता, ते मी पूर्णपणे नाकारू शकत नाही. दोन वर्षांपूर्वी आम्ही एका घरी पिशवी नेली, तेव्हा त्या घरच्या कर्त्या माणसाला जाऊन दोन महिनेही झाले नव्हते. वर्षाच्या आत अशा घरी फराळाची कढई ठेवत नाहीत, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आणि नातेवाइकांनी फराळ नेऊन द्यायचा असतो, हे लहान मुलांनाही ठाऊक असते. मला ते ठाऊक होते आणि तरीही मी यादीप्रमाणे रवा-बेसन दारात ठेवून आले, कारण ‘तयार फराळ द्यायचा नाही’ हा माझा नियम होता. त्या बाईंनी पिशवी मुकाट्याने आत नेली. ज्या चुकीसाठी मी स्वतःला इतकी वर्षे बोल लावत होते, तीच मी उलट्या बाजूने केली होती. तिथे माझ्या घरचा डबा जायला हवा होता, तोही चिठ्ठीशिवाय.

यंदा आमच्यातल्या दोघींचे म्हणणे आहे, की प्रत्येक घरी आधी जाऊन शिधा हवा की फराळ, हे विचारावे. त्यांचे बरोबर असेल. पण एखाद्या बाईला तिच्याच उंबऱ्यावर उभे राहून ‘तुम्हाला तळायला जमेल का’ असे विचारायचे म्हटले, की मला पणतीत तेल घालणाऱ्या वहिनी दिसतात आणि माझी जीभ रेटत नाही. येत्या रविवारी सगळ्या माझ्याकडे जमणार आहेत. यादीत एक्केचाळीस घरे आहेत आणि त्यांतल्या दोन घरी या वर्षात माणूस गेले आहे.